एकट्याची पृथ्वीप्रदक्षिणा

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आठवीच्या वर्गावर भूगोलाचा तास चालला होता. भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला, फळ्यावर आफ्रिका खंडातील नद्यांची नावे लिहिलेली, आणि विद्यार्थ्यांचे सारे लक्ष मात्र खिडकीबाहेर कोसळणाऱ्या पावसाकडे. अशा वेळी पाठ्यपुस्तक पुढे रेटण्यात अर्थ नसतो, हे इतक्या वर्षांच्या अनुभवाने मला ठाऊक झाले आहे. म्हणून पुस्तक मिटून मी टेड सायमन या इंग्रज पत्रकाराची हकीकत सांगण्यास आरंभ केला. आपले आजोबा ज्या वाहनाला फटफटी म्हणत, त्या मोटारसायकलीवर बसून हा गृहस्थ एकटाच साऱ्या पृथ्वीभोवती फिरून आला.

वर्ग हळूहळू शांत झाला. कोणी विचारले, गाडी किती वेगाने पळत असे? कोणी विचारले, वाटेत वाघसिंह भेटले काय? पण मागच्या बाकावरील एका मुलाने विचारलेला प्रश्न निराळाच होता. "सर, तो एकटाच होता ना? मग रात्री झोपल्यावर त्याच्या गाडीकडे कोण बघायचं?" या मुलाचे वडील मालमोटार चालवितात. ते रात्री गाडीतच झोपतात आणि सोबत क्लीनर असतो, एवढे त्याला घरच्या अनुभवाने माहीत होते. त्याच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला त्या तासाला देता आले नाही. ते द्यावे, या हेतूने हा लेख लिहिण्यास बसलो आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. मोटारसायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची कल्पना सायमनच्या पूर्वीची आहे. कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी या तरुण अमेरिकनाने १९१२-१३ साली हेंडरसन नावाच्या चार सिलिंडरांच्या गाडीवरून असा प्रवास केला. त्याचा जोडीदार पॅरिसमध्येच मागे राहिला आणि पुढील वाट त्याने एकट्याने कापली. त्यानंतर १९३२ साली रॉबर्ट एडिसन फुल्टन हा दुसरा अमेरिकन लंडनहून निघाला. तो वास्तुशास्त्राचा विद्यार्थी होता. लंडनमध्ये एका भोजनप्रसंगी कोणी तरी त्याला विचारले की, आता आपण बोटीने घरी परतणार ना? त्यावर काहीसा विचार न करताच तो म्हणाला की, नाही, मी मोटारसायकलवरून जगाला वळसा घालून जाणार आहे. योगायोग असा की, त्याच पंक्तीला डग्लस मोटारसायकलींच्या कारखान्याचा माणूस बसला होता आणि त्याने तिथल्या तिथे गाडी देऊ केली! तोंडातून निघालेल्या शब्दाखातर फुल्टन सुमारे दीड वर्ष हिंडला. आपल्या हिंदुस्थानातूनही तो गेला. या प्रवासावरील त्याचे पुस्तक १९३७ साली प्रसिद्ध झाले.

सायमनचा प्रकार असा अचानक घडलेला नव्हे. त्याचा जन्म १९३१ सालचा. आई जर्मन, वडील रुमानियाचे, आणि बालपण लंडनमध्ये गेलेले. रसायन-अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन तो पुढे वृत्तपत्रव्यवसायात शिरला. प्रवासास निघाला तेव्हा त्याचे वय बेचाळीस वर्षांचे होते. विशेष म्हणजे तोपर्यंत तो मोटारसायकलस्वार नव्हताच; या प्रवासाकरिता त्याने ती विद्या शिकून घेतली. वयाची चाळिशी उलटल्यावर नवीन वाहन शिकणे म्हणजे काय, हे प्रस्तुत लेखकास स्वानुभवाने ठाऊक आहे, आणि माझे वाहन तर साधी स्कूटर होती.

त्याची गाडी ट्रायम्फ कारखान्याची 'टायगर हंड्रेड' नावाची. इंजिन ५०० घनसेंटिमीटरांचे, दोन सिलिंडर शेजारी शेजारी बसविलेले, आणि थंड होण्याची सारी मदार बाहेरच्या वाऱ्यावर. नुसत्या गाडीचेच वजन दीडशे किलोंहून अधिक. त्यावर तंबू, हत्यारे, जादा ट्यूबा, स्वयंपाकाची भांडी, कपडे व कागदपत्रे लादलेली. इंग्लंडात कव्हेंट्रीजवळील मेरिडन येथे हा कारखाना होता. कारखाना बंद करण्याचा मालकांचा बेत ऐकून तेथील कामगारांनी सप्टेंबर १९७३ मध्ये तो आपल्या ताब्यात घेतला होता. म्हणजे गाडी जगाच्या वाटेला लागली, तेव्हा ती बनविणाऱ्यांचे स्वतःचे भवितव्य टांगणीला लागलेले होते. खर्चाचा काही भार 'संडे टाइम्स' या पत्राने उचलला आणि त्याच्या मोबदल्यात सायमनने वाटेतून लेख पाठवावयाचे ठरले.

आणखी एका कागदाचा येथे उल्लेख केला पाहिजे, कारण विद्यार्थ्यांना त्याची सहसा माहिती नसते. परदेशात वाहन नेले की त्यावर जकात भरावी लागते. नाही तर लोक प्रवासाच्या निमित्ताने गाड्या नेऊन तिकडे विकतील. ही अडचण टाळण्याकरिता 'कार्ने' नावाची एक पुस्तिका मिळते. तिच्यामागे रकमेची हमी असते. प्रत्येक सरहद्दीवर आत जाताना एक शिक्का आणि बाहेर पडताना दुसरा. दुसरा शिक्का नसला की गाडी त्या देशातच विकली गेली असे समजतात आणि हमीची रक्कम धोक्यात येते. साहसी प्रवाशाचे पुष्कळसे साहस जकातनाक्यावरील बाकावर बसून राहण्यात खर्च होते, हे सिनेमात कधी दाखवीत नाहीत.

ता. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी सायमनने लंडन सोडले. नेमक्या त्याच दिवशी इजिप्त व सीरिया यांचे इस्राएलशी युद्ध जुंपले. आणि त्याची वाट तर इजिप्तमधूनच जाणारी! त्याच महिन्यात अरब राष्ट्रांनी खनिज तेलाची नाकेबंदी जाहीर केली आणि काही महिन्यांत तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. मोटारसायकलीवरून जगप्रवासास निघण्यास याहून वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता. परत फिरण्यास चांगले कारण मिळाले होते. पण तो फिरला नाही. फ्रान्स, इटली व सिसिली ओलांडून त्याने ट्यूनिसला जाणारी बोट पकडली, आणि लिबियाच्या किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊन तो इजिप्तमध्ये पोहोचला.

येथे विद्यार्थ्यांनी नकाशा उघडावा. इजिप्तच्या दक्षिणेस आस्वान येथे नाईल नदीवर मोठे धरण आहे. ते १९७० साली पुरे झाले आणि त्यामागे नासर सरोवराचा प्रचंड फुगवटा पसरला. तेथून सुदानमधील वादी हाल्फापर्यंतचा मार्ग बोटीचा. त्यापुढे आगगाडीचा लोहमार्ग नूबियाचे वाळवंट ओलांडून अटबरा गावी येतो. तेथे अटबरा नदी नाईलला मिळते. या गावापासून पूर्वेस कसालापर्यंतची वाट सायमनच्या साऱ्या प्रवासातील अत्यंत बिकट वाटांपैकी एक ठरली. तिला रस्ता म्हणणे धाडसाचे आहे. मालमोटारींच्या चाकांनी वाळूत पडलेल्या चाकोऱ्या, एवढाच तो रस्ता.

वाळूत मोटारसायकल का पडते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. दोन चाकांचे वाहन चालत असता त्याचा तोल पुढील चाकाच्या बारीकसारीक वळण्यावर सांभाळला जातो. आपण तसे जाणूनबुजून करीत नाही. हात आपोआप ते करीत असतात. मऊ वाळूत पुढील चाक नांगराच्या फाळासारखे रुतते आणि मनासारखे वळत नाही. वेग कमी करावा तर ते अधिकच रुतते. वेग वाढवावा तर भीती वाटते. नवशिक्या मनुष्य भीतीचे ऐकतो आणि पडतो. मग लादलेली गाडी एकट्याने उभी होत नाही म्हणून सामान सोडावे, गाडी उचलावी, सामान पुन्हा बांधावे, थोडे जावे आणि पुन्हा पडावे. त्यातच इंजिनाची तऱ्हा निराळी. सिलिंडरावर जे पत्र्यासारखे पातळ पडदे असतात, त्यांवरून वारा वाहिला तरच आतील उष्णता बाहेर जाते. वाळूत गाडी कण्हत कण्हत हळू चालली की वारा लागत नाही आणि इंजिन मात्र पूर्ण ताकदीने राबत असते. पिस्टन तापून फुगतो, त्याच्या व सिलिंडराच्या मधील तेलाचा पातळ थर जळतो आणि धातूवर धातू घासू लागतो. सायमनला पिस्टनच्या दुखण्याने आफ्रिकेत चांगलेच सतावले. इंजिन खोलणे तो वाटेतच शिकला.

आता थोडे गणित. सर्व प्रवास सुमारे ६४,००० मैलांचा, म्हणजे १,०३,००० किलोमीटरांचा झाला. विषुववृत्तावर पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, तेव्हा पृथ्वीभोवती अडीच फेऱ्या मारल्यासारखेच हे झाले. देश पंचेचाळीस. काळ सुमारे चार वर्षे. वर्गात मी हे आकडे फळ्यावर लिहून रोजची सरासरी काढावयास सांगितली. चार वर्षांचे १,४६० दिवस धरले तर उत्तर येते दिवसाला सत्तर किलोमीटर! मुलांची थोडी निराशा झाली. आपली एस. टी. एवढे अंतर दोन तासांत कापते.

परंतु या हकीकतीचे मर्म मला या सत्तर आकड्यातच दिसते. गाडी चालू असताना ती तासाला सत्तर किलोमीटर सहज जाई. म्हणजे दिवसाच्या चोवीस तासांपैकी सरासरी तेवीस तास हा मनुष्य थांबलेला होता. कोठे पंक्चर, कोठे शिक्का, कोठे पूर, कोठे बोटीची वाट पाहणे, कोठे आजार, आणि कोठे तर एखादे ठिकाण आवडले म्हणून महिनेच्या महिने मुक्काम. आरंभी या खोळंब्यांचा त्याला त्रास होत असे. पुढे त्याच्या ध्यानात आले की, माणसांची ओळख होते ती या खोळंब्यांतच, आणि आपला खरा प्रवास तोच आहे. मोटारीच्या काचा बंद करून जाणारा प्रवासी गावाला दिसत नाही. मोटारसायकलवरील मनुष्य लपू शकत नाही. तो पावसात भिजलेला दिसतो, धुळीने माखलेला दिसतो, त्याचे सामान दोरीने बांधलेले दिसते. तो थांबला की भोवती मुले जमतात आणि मुलांच्या मागोमाग वडील माणसे येतात. त्याच्याजवळ फारसे काही नाही आणि त्याला काही तरी हवे आहे, हे भाषा न कळताही सर्वांना कळते.

रात्री गाडीकडे कोण पाहत असे, या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. कधी कोणीच नाही. कधी चहाचे दुकान चालविणारा, कधी पोलीस चौकीवरील शिपाई, कधी मळ्याचा मालक, कधी ज्याने आपल्या घरात जागा दिली तो गृहस्थ. कालपर्यंत ज्यांचे तोंड पाहिले नव्हते आणि उद्यानंतर बहुधा दिसणार नाही, अशा लोकांनी ती चार वर्षे राखली.

येथे मला अडचण येते आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. आम्ही शिक्षक मुलांना रोज बजावतो की, अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका, त्याने दिलेले खाऊ नका, त्याच्या वाहनात बसू नका. हे आम्ही उगीच सांगत नाही. तसे सांगावे लागण्याजोग्या घटना घडतात. मग त्याच तोंडाने सायमनची वाखाणणी कशी करावयाची? मी या प्रश्नावर बरेच दिवस विचार केला. मला वाटते, जो अनोळखी मनुष्य आपणहोऊन आपल्याला हेरून जवळ येतो तो निराळा, आणि दहा जणांकडे नीट पाहून ज्याच्याकडे आपण मदत मागतो तो निराळा. सायमन दुसऱ्या प्रकारचा विश्वास शिकत गेला. त्यासाठी माणसे पारखावी लागतात, आणि पारखण्याचे वय यावे लागते. बेचाळीस वर्षांच्या माणसाने केले ते चौदाव्या वर्षी करून पाहावे असे मी कोणालाही सांगणार नाही.

माझा स्वतःचा अनुभव अगदी लहान आहे. काही वर्षांपूर्वी आंबा घाटात संध्याकाळच्या वेळी माझ्या स्कूटरची क्लचची वायर तुटली. पाऊस होता, पत्नी मागे बसलेली. एक टेंपो थांबला. चालकाने काही न विचारता आपल्या पेटीतील वायर काढली, विजेरी माझ्या हातात दिली, आणि वीस मिनिटांत गाडी सुरू करून दिली. पैसे देऊ लागलो तर तो म्हणाला, "गुरुजी, पुढं कुणाची बंद पडली तर थांबा." मी गुरुजी आहे हे त्याने कशावरून ओळखले, ते मला आजतागायत कळलेले नाही.

सर्वच ठिकाणी मात्र असे घडत नाही, आणि सायमनलाही घडले नाही. आफ्रिकेतून मालवाहू बोटीने अटलांटिक महासागर ओलांडून १९७४ साली तो ब्राझीलच्या फोर्तालेझा बंदरात उतरला. तेथे त्या काळी लष्करी राजवट होती. ती १९६४ पासून १९८५ पर्यंत टिकली. आफ्रिकेहून येऊन उतरलेला, मोटारसायकलवाला, त्यातून पत्रकार, अशा माणसाचा पोलिसांना संशय आला आणि त्यांनी त्याला अडकवून ठेवले. सुटका कधी होईल, होईल की नाही, हे सांगणारे कोणी नव्हते. वाळवंटात पडलेली गाडी उचलता येते. बंद दाराआड हाती काहीच उरत नाही. कोठडीतील त्या दिवसांबद्दल त्याने लिहिले आहे ते वाचताना असे वाटते की, पुढील प्रवासात कोणत्याही गणवेशाकडे पाहताना त्याच्या पोटात थोडे कालवत असावे. तरीही सुटल्यावर तो घरी गेला नाही. दक्षिणेकडे वळला.

दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वत आडवा येतो. चार हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीनपंचमांशच असतो. माणसाला धाप लागते आणि इंजिनालाही लागते. पेट्रोल पूर्वीइतकेच येते, पण ते जाळण्यास पुरेशी हवा नसते, म्हणून धूर होतो आणि जोर कमी पडतो. उत्तरेकडे येता येता कोलंबिया व पनामा यांच्यामध्ये दारिएनचे जंगल लागते. अलास्कापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत जाणाऱ्या महामार्गाला येथे सुमारे शंभर किलोमीटरांचे खिंडार आहे. रस्ताच नाही, वाहन बोटीने किंवा विमानाने पलीकडे न्यावे लागते. मध्य अमेरिका व मेक्सिको ओलांडून सायमन कॅलिफोर्नियात आला आणि तेथे इतका रमला की प्रवास तेथेच संपतो की काय अशी वेळ आली.

पण तो ऑस्ट्रेलियाला गेला, तेथून मलायाच्या द्वीपकल्पात आला, आणि ब्रह्मदेशातून खुष्कीची वाट बंद असल्यामुळे पिनांगहून आगबोटीने मद्रासला उतरला. त्या वेळी आपल्या देशात आणीबाणी होती. भारतात तो बराच काळ राहिला. येथेच एका लग्नसमारंभात भविष्य सांगणाऱ्या एका गृहस्थाने त्याला, आपण ज्युपिटर आहात, असे सांगितले. त्यावरूनच १९७९ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकाचे नाव 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स' असे पडले. इंग्रजी वाचकाला या नावात रोमन लोकांचा देवराज दिसतो. आपल्या भाषेत त्याच ग्रहाला गुरू म्हणतात, आणि तो बारा वर्षांत बारा राशींतून फिरतो. पुस्तकाचे मराठी भाषांतर करण्याची वेळ आलीच तर भाषांतरकाराची या शब्दापाशी मोठी पंचाईत होईल.

पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण व तुर्कस्तान या मार्गाने तो १९७७ साली घरी परतला. ही वाट त्याच्यामागे लवकरच बंद झाली. १९७९ च्या आरंभी इराणात क्रांती झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले. शेकडो परदेशी तरुण ज्या रस्त्याने बसमधून हिंदुस्थानात येत, तो रस्ता दोन वर्षांत इतिहासजमा झाला. नकाशावरील रेघ जागीच राहते, पण तिच्यावरून जाता येईलच असे नाही.

आमच्या वर्गातील एका मुलीने विचारले, असा प्रवास फक्त पुरुषच करतात काय? नाही. ज्या १९७३ साली सायमन निघाला, त्याच साली आन-फ्रान्स दोतव्हील ही फ्रेंच लेखिका अवघ्या १२५ घनसेंटिमीटरांच्या कावासाकी गाडीवर जगाच्या फेरीस निघाली. पुढे १९८२ ते १९८४ या काळात एल्स्पेथ बिअर्ड ही लंडनची वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी जुन्या बी. एम. डब्ल्यू. गाडीवर जगभर फिरून आली. तिच्या प्रवासावर एक स्वतंत्र लेख होईल आणि तो त्या मुलीनेच पुढील वर्षी लिहावा, असे मी तिला सांगून ठेवले आहे.

सायमनने २००१ साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, पुन्हा त्याच वाटेने जावयाचे ठरविले. केनियात अपघात होऊन त्याचा पाय मोडला. तो बरा होईपर्यंत थांबून त्याने उरलेला प्रवास केलाच. त्याची पहिली गाडी आता कव्हेंट्रीच्या वाहतूक संग्रहालयात ठेवलेली आहे. ती जेथे बनली तो मेरिडनचा कारखाना कामगारांनी सहकारी तत्त्वावर काही वर्षे चालविला आणि १९८३ साली तो बंद पडला.

आम्ही वर्गातील नकाशावर टाचण्या टोचून लाल दोऱ्याने हा मार्ग लावला आहे. समुद्र आला तेथे दोरा तुटक ठेवला आहे. मागच्या बाकावरील त्या मुलाने हे काम मन लावून केले, आणि मग थोडे लाजत आपल्या वडिलांच्या गाडीचाही मार्ग लावू का, असे विचारले. मी हो म्हटले. त्याने निळा दोरा आणला. सांगलीहून निघून तो बंगळूरवरून चेन्नईस जातो. तेथे टाचणी अगोदरच होती. तिच्याभोवती आता दोन दोरे आहेत.